संकेतस्थळाची चौकट : हलकी की भरभक्कम?
एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

विज्ञानाच्या गोष्टी विज्ञान शाखेने पाहाव्यात आणि कला शाखेने कविता कराव्यात, अशी एक वाटणी आपल्याकडे पूर्वापार चालत आलेली आहे. संगणकाने मात्र ही वाटणी मोडीत काढली. आज सात-बाराचा उतारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा निकाल या साऱ्या गोष्टी संकेतस्थळावरून होतात. ज्या वस्तूपुढे आपण रोज हात जोडून उभे राहतो, ती आतून चालते कशी, हे विचारण्याचा हक्क कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही आहे. नव्या शैक्षणिक धोरणामुळे मला मराठी आणि अर्थशास्त्र या विषयांच्या जोडीला 'पायथॉन' ही संगणकाची भाषा शिकता आली. शिकता शिकता एक प्रश्न समोर आला. पायथॉनमध्ये संकेतस्थळ करायचे तर तयार 'फ्रेमवर्क' डझनावारी आहेत. त्यांतले आपण कोणते घ्यावे? हा प्रश्न तांत्रिक वाटला तरी त्याच्या मुळाशी व्यवहारातले शहाणपण आहे, असे मला आढळले. म्हणून हा लेखप्रपंच.

चौकट म्हणजे काय?

पायथॉन ही भाषा नेदरलँड्समधील गुइडो व्हान रॉसम यांनी निर्माण केली आणि १९९१ साली ती लोकांपुढे आली. पायथॉन म्हणजे अजगर खरा. पण भाषेचे नाव त्या प्राण्यावरून पडलेले नाही, तर 'माँटी पायथॉन' या ब्रिटिश विनोदी कार्यक्रमावरून पडले आहे. ही भाषा वाचायला सोपी आहे. शिवाय तिची तिसरी आवृत्ती, जी २००८ साली आली, देवनागरीला परके मानत नाही. प्रोग्राममध्ये एखाद्या राशीला 'व्याज' असे मराठीत नाव दिले तरी ती निमूटपणे स्वीकारते.

फ्रेमवर्क या शब्दाला मराठीत 'चौकट' हा शब्द चपखल बसतो. माझे वडील सुतारकाम करतात. घराचे बांधकाम सुरू झाले की दाराची चौकट आधी उभी करतात, ओळंबा लावून ती सरळ करतात आणि मग गवंडी तिच्या दोन्ही अंगांनी भिंत चढवतो. पुढे दार बदलता येते, कडीकोयंडा बदलता येतो, रंग तर दर दिवाळीला बदलता येतो. पण चौकट बदलायची म्हटली की भिंत फोडावी लागते. संगणकातही तसेच आहे. हातोडी आपण हवी तेव्हा उचलतो आणि ठेवतो. चौकटीत मात्र आपल्याला तिच्या मापाने वागावे लागते. म्हणून निवड आधी नीट करावी.

ही चौकट नेमके करते काय? सरकारी कचेरीतील बारनिशी आठवा. आलेले प्रत्येक टपाल तेथे उघडले जाते, ते कोणत्या टेबलाचे आहे हे पाहून तिकडे धाडले जाते, आणि उत्तर तयार झाले की पुन्हा तेथूनच रवाना होते. आपण मोबाइलवर पत्ता टाकतो, तेव्हा एक मागणी सर्व्हरकडे जाते. ती वाचणे, पत्त्यावरून योग्य त्या कामाकडे वळवणे, वापरणाऱ्याने भरलेला मजकूर वेगळा काढणे आणि तयार पान परत पाठवणे, ही सारी बारनिशी फ्रेमवर्क सांभाळते. टेबलावरचे काम तेवढे आपण लिहायचे.

पूर्वी प्रत्येक फ्रेमवर्कची आणि प्रत्येक सर्व्हरची बोली निराळी होती. एकाचे दुसऱ्याशी जुळेलच याची खात्री नसे. २००३ साली 'डब्ल्यू-एस-जी-आय' नावाचा एक संकेत ठरला. सर्व्हरने मागणी कोणत्या स्वरूपात द्यावी आणि प्रोग्रामने उत्तर कोणत्या स्वरूपात परत करावे, एवढेच त्यात सांगितलेले आहे. बिजागरीची मापे सर्वत्र सारखी झाली की कोणाचेही दार कोणाच्याही चौकटीला बसते, तसे झाले. या संकेतामुळेच पुढे लहान लहान फ्रेमवर्कचे पीक आले.

तीन घराणी

हलक्या फ्रेमवर्कमध्ये 'बॉटल' हे अगदी सडे. मार्सेल हेलकाम्प यांनी ते २००९ साली केले. सगळे फ्रेमवर्क एकाच फाइलमध्ये मावते आणि पायथॉनबरोबर जे मिळते त्याखेरीज त्याला दुसरे काही लागत नाही. पेन ड्राइव्हवर ती एक फाइल घ्यावी, आपल्या प्रोग्रामशेजारी ठेवावी, की झाले. जेथे इंटरनेट मिळाले तर मिळाले अशी गत आहे, तेथे या गुणाची किंमत कळते.

दुसरे 'फ्लास्क'. याची जन्मकथा गमतीची आहे. आर्मिन रोनाखर या ऑस्ट्रियातील तरुणाने १ एप्रिल २०१० रोजी एका फाइलमध्ये मावणाऱ्या फ्रेमवर्कची थट्टा करण्यासाठी एक लुटुपुटीचे फ्रेमवर्क जाहीर केले. एप्रिल फूलच तो! पण लोकांनी ते गंभीरपणे घेतले. तेव्हा लोकांना अशी वस्तू खरोखर हवी आहे हे ओळखून त्याच महिन्यात त्यांनी फ्लास्क बाहेर काढले. बॉटल म्हणजे बाटली, म्हणून हा फ्लास्क. नावातही कोटी आहेच. फ्लास्क स्वतः लहान असले तरी एकटे येत नाही. मागणी हाताळण्यासाठी 'वेर्कत्सॉइग', पानांचे साचे भरण्यासाठी 'जिंजा' अशी आणखी पाच-सहा पुडकी त्याच्याबरोबर येतात. तरी सगळे मिळून उतरवून घ्यायला एक एमबीसुद्धा लागत नाही. पहिले पान दिसायला पाच-सहा ओळी पुरतात. बाकी जे हवे ते आपण निवडून जोडायचे.

तिसरे 'जँगो'. हे मात्र हलके नव्हे. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचे गाव आहे. तेथील वृत्तपत्राच्या कचेरीत एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ मध्ये याची सुरुवात केली आणि २००५ साली ते सर्वांना खुले झाले. जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचे नाव त्याला दिले आहे. वृत्तपत्रात घाई फार. आज सांगितलेले काम उद्याच्या अंकाबरोबर हवे असते. म्हणून त्यात सारे आयते आहे. प्रवेशासाठी नाव आणि पासवर्ड, नोंदी ठेवण्याची व्यवस्था, अर्ज तपासणे, आणि विशेष म्हणजे प्रोग्राम न येणाऱ्या उपसंपादकालाही मजकूर भरता यावा म्हणून तयार नोंदणी-पडदे, ज्याला 'ॲडमिन' म्हणतात. कोणी याला 'आयत्या बिळावर नागोबा' म्हणेल. पण बीळ पक्के असेल तर नागोबाचे काय चुकले?

याखेरीज सेबास्टियन रामिरेस यांचे २०१८ सालचे 'फास्टएपीआय' आहे. पलीकडे माणसाऐवजी मोबाइलमधील ॲप किंवा दुसरा प्रोग्राम असेल आणि त्याला पानाऐवजी नुसती माहिती द्यायची असेल, तर ते सोयीचे पडते. माझ्या पुढील कामांना ती गरज नसल्यामुळे ते मी बाजूला ठेवले.

निवडीच्या कसोट्या

या विषयावर बोलणारे बहुतेक जण वेगापासून सुरुवात करतात. अमुक फ्रेमवर्क सेकंदाला इतक्या मागण्या पुरवते, तमुक तितक्या. पण ज्या संकेतस्थळावर एका वेळी दहा माणसे येणार, तेथे या आकड्यांचा उपयोग काय? शिवाय बहुतेक वेळ फ्रेमवर्कमध्ये जात नाही, साठवलेल्या माहितीतून हवी ती नोंद शोधण्यात जातो. म्हणून मी वेगाला शेवटचे स्थान दिले आणि पुढील प्रश्न क्रमाने विचारले.

पहिला प्रश्न, फ्रेमवर्क हवेच का? पाने रोज तीच राहणार असतील, उदाहरणार्थ संस्थेचा इतिहास आणि चार छायाचित्रे, तर साधी लिहिलेली पाने पुरेत. तेथे कोणतेही फ्रेमवर्क म्हणजे घरात शिरायला महाद्वार बांधणे होय.

दुसरा, वापरणारे नुसते वाचणार की लिहिणारसुद्धा? वाचन आणि लेखन यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. लिहू दिले, की कोण लिहितो आहे हे ओळखणे आले. ओळखणे आले की पासवर्ड आला. पासवर्ड आला की तो जपण्याची जबाबदारी आली.

तिसरा, यंत्र कसले आहे आणि इंटरनेट किती आहे? अंथरूण पाहून पाय पसरावे, हा नियम येथेही लागू आहे.

आणि चौथा, आपल्यामागे हे कोण सांभाळणार? हा प्रश्न पुस्तकात मला दिसला नाही. तो कोठून आला, ते पुढे सांगते.

पहिले काम : गावचे वाचनालय

आमच्या गावच्या वाचनालयात अकराशेच्या वर पुस्तके आहेत. नोंदवही एकच, तीही जीर्ण. एखादे पुस्तक आहे का, हे विचारणाऱ्याला 'कपाटात बघा' हे उत्तर मिळत असे. दिवाळीच्या सुट्टीत मी आणि दोन मैत्रिणींनी ती वही संगणकावर उतरवली. आता ती मोबाइलवर पाहता यावी एवढीच अपेक्षा होती. येणारा फक्त वाचणार, पासवर्डचे काम नाही, यंत्र म्हणजे दोन जीबीचा जुना लॅपटॉप, आणि इंटरनेट बेभरवशाचे. चारही उत्तरे बॉटलकडे बोट दाखवत होती. नोंदी 'एसक्यूलाइट' या साठवणीत ठेवल्या. तीही पायथॉनबरोबरच येते. त्याच वायफायवर असलेल्या कोणत्याही मोबाइलवर आता यादी दिसते आणि लेखकाच्या नावाने पुस्तक शोधता येते.

या कामात दोन गोष्टी लक्षात आल्या. एक, नुसत्या वाचनाच्या पानावरही शोधण्यासाठी एक रिकामी जागा असते आणि तेथे कोणी काहीही लिहू शकतो. ते लिहिलेले साठवणीच्या आज्ञेत जसेच्या तसे चिकटवले, तर एखादा वात्रट माणूस आज्ञाच बदलू शकेल. म्हणून आज्ञेत प्रश्नचिन्ह ठेवायचे आणि वाचकाचा शब्द वेगळा द्यायचा, ही रीत पाळावी लागते. फ्रेमवर्क कोणतेही असो, ही शिस्त आपली.

दुसरी गोष्ट मराठीची. यादी अकारविल्हे लावायची होती. संगणक अक्षरे आपापल्या क्रमांकाने लावतो. त्याच्या लेखी 'ळ' हा 'ल'च्या लगेच मागे येतो, आपल्या वर्णमालेत तो 'ह'नंतर येतो. 'क्ष' तर तो 'क'च्या पोटातच घालतो, कारण त्याला तेथे क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हे दिसतात. बॉटल, फ्लास्क किंवा जँगो, यांपैकी कोणीही हे आपोआप सुधारून देत नाही. आपल्या वर्णमालेचा क्रम सांगणारा छोटासा भाग स्वतःच लिहावा लागला. व्याकरणाच्या तासाला शिकलेली वर्णमाला येथे उपयोगी पडली, याचा मला विशेष आनंद झाला.

दुसरे काम : बचत गट

माझी आई अकरा बायकांच्या बचत गटात आहे. दरमहा प्रत्येकीचे दोनशे रुपये, म्हणजे महिन्याला बावीसशे आणि वर्षाला सव्वीस हजार चारशे. थेंबे थेंबे तळे साचे. त्यातूनच एकमेकींना दरमहा दोन टक्क्यांनी कर्ज दिले जाते. पाच हजार घेतले तर महिन्याला शंभर रुपये व्याज. कोणाचे बियाणे, कोणाच्या लेकराचे दवाखान्याचे बिल यातूनच भागते. माझ्या पहिल्या वर्षाची फीसुद्धा या गटाच्या कर्जातूनच भरली गेली. आईला अक्षर येत नाही. अकरा जणींपैकी वही लिहू शकणाऱ्या दोघी. बाकीच्या विश्वासावर अंगठा उठवतात. आपल्या नावावर किती जमले आणि किती देणे आहे, हे प्रत्येकीला घरातल्या मुलाच्या मोबाइलवर पाहता यावे, अशी कल्पना निघाली.

येथेही हलके फ्रेमवर्क घ्यावे, असा मोह होतो. अकरा माणसांना जँगो कशाला? परंतु मी कागदावर यादी केली. नोंद करणारीने पासवर्ड द्यायला हवा, आणि तो साठवताना उघडा नव्हे तर उलगडता न येणाऱ्या रूपात ठेवायला हवा. दुसऱ्या एखाद्या संकेतस्थळाने फसवून तिच्याच नावाने नोंद करू नये, याची तजवीज हवी. कोणती नोंद कोणी कधी बदलली, याचा माग राहायला हवा. पुढे नवा रकाना लागला तर जुन्या नोंदी न बिघडता तो वाढवता आला पाहिजे. फ्लास्कमध्ये हे सारे करता येते. पण प्रत्येक गोष्टीसाठी वेगळे पुडके शोधायचे, किंवा स्वतः लिहायचे. चार पुडकी चार जणांनी केलेली, आणि प्रत्येकाची देखभाल निराळी. जँगोमध्ये या गोष्टी आतच आहेत. ॲडमिनच्या पडद्यावरून केलेल्या बदलांचा इतिहासही ते आपोआप ठेवते. उतरवून घ्यायला ते आठेक एमबी लागतात, पण ते एकदाच.

तेव्हा हलके कशाला म्हणावे? पहिल्या दिवशी उचलायला हलके ते खरे हलके नव्हे. वर्षभर वागवल्यावरही जे जड होत नाही, ते हलके. वाचनालयाला बॉटल हलके पडले. गटाच्या पैशांना जँगोच हलके पडणार आहे.

पैशाच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी. संगणक दशांश अपूर्णांक दोनाच्या पटीत साठवतो, म्हणून पायथॉनला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारली तर ती बरोबर ०.३ येत नाही, शेवटी एक कण जादा दिसतो. हिशेब रुपयांच्या अपूर्णांकात न ठेवता पूर्ण पैशांत ठेवला, की ही भानगड उरत नाही.

ही योजना मी गटाच्या बैठकीत सांगितली. सगळ्यांनी कौतुकाने ऐकले. मग गटाच्या अध्यक्ष काकूंनी एकच प्रश्न विचारला : "पोरी, सगळं खरं, पण उद्या तू शिकायला न्हाईतर सासरला गेलीस, म्हंजे ह्याला बघणार कोण?"

या प्रश्नापुढे वेगाचे सगळे आकडे फिके पडतात. फ्रेमवर्क निवडणे म्हणजे पुढे ते सांभाळणाराही निवडणे आहे. ज्याची माहितीपुस्तिका चांगली, ज्याला ओळखणारी माणसे पुष्कळ, ज्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या वेळेवर मिळतात, तेच निवडावे. जँगोच्या काही ठरावीक आवृत्त्यांना सुमारे तीन वर्षे अशा दुरुस्त्या मिळतात. फ्लास्कही २०१० पासून टिकून आहे आणि त्याची देखभाल आता एकट्याकडे नसून एका गटाकडे आहे. माणसे जेथे गटाने काम करतात, तेथे वस्तू टिकते, हे बचत गटाच्या बायकांना वेगळे सांगायला नको. काकूंच्या प्रश्नानंतर दोन गोष्टी ठरल्या. हाताने लिहिलेली वहीच खरी मानायची, संगणकावरची तिची नक्कल. आणि काम सुरू करताना गटातल्याच एकीच्या दहावीतल्या मुलीला शेजारी बसवायचे.

काही सूचना

माझ्यासारखे नव्याने शिकणारे कोणी असतील तर त्यांच्यासाठी चार शब्द. फ्लास्क आणि जँगो यांच्याबरोबर एक छोटा सर्व्हर मिळतो. तो घरच्या सरावापुरता आहे, लोकांसाठी खुले करताना तो वापरू नये. विंडोजच्या यंत्रावर 'वेट्रेस' नावाचा सर्व्हर चालतो. पुष्कळ पुस्तकांत सांगितलेला 'गुनिकॉर्न' तेथे चालत नाही. चुका शोधण्यासाठी असलेली 'डीबग' सोय लोकांपुढे कधीही चालू ठेवू नये. फ्लास्कमध्ये तिच्या वाटेने परका माणूस आपल्या यंत्रावर आज्ञा चालवू शकतो. फ्लास्क वापरणाऱ्याची ओळख एका कुकीत ठेवते. तिच्यावर शिक्का असल्यामुळे ती कोणाला बदलता येत नाही, पण वाचता येते. तेव्हा गुपित तीत ठेवू नये. आणि शिकण्यासाठी म्हणाल, तर सुरुवात बॉटल किंवा फ्लास्कनेच करावी. त्यांत झाकलेले फार थोडे असल्यामुळे मागणी कोठून आली आणि उत्तर कोठून गेले, हे डोळ्यांना दिसते. ते एकदा दिसले की जँगोचे मोठे यंत्र भीतिदायक वाटत नाही.

वाचकहो, हे तिन्ही फ्रेमवर्क कोणालाही फुकट मिळतात, उघडून पाहता येतात आणि बदलताही येतात. ज्यांनी ती केली, त्यांनी आमचे गाव पाहिलेले नाही आणि त्यांच्यापैकी कोणाला मराठी येत असेल असे वाटत नाही. तरीही त्यांच्या श्रमाचा उपयोग अकरा बायकांच्या दोनशे-दोनशे रुपयांना होऊ शकतो, ही गोष्ट मला मोठी वाटते. मात्र हा उपयोग आपोआप होत नाही. आपल्या वर्णमालेचा क्रम आपणच लावावा लागतो, आपल्या गटाची अडचण आपणच मांडावी लागते. वडील गिऱ्हाइकाला आधी विचारतात, "दार कशाला पाहिजे? माणसं जाणार का बैलगाडी?" उत्तर मिळाल्यावरच ते लाकडाला हात लावतात. संकेतस्थळ करणाऱ्याने याहून वेगळे काही करायचे नसते.